कपाट भरलेलं, तरी जेवायला काही नाही

प्रश्न: ताई, आमचं किचनचं कपाट ओसंडून वाहतंय पण दमून घरी आलं की करायला काहीच सुचत नाही. पास्ता सापडला तर सॉस नसतो, राजमा आहे पण भिजवलेला नसतो, मागच्या कोपऱ्यात काय आहे ते देवालाच ठाऊक. सगळे डबे एकसारखे नवीन घेऊन एकदाचं नीट लावू का?

उत्तर: डबे आत्ता अजिबात घेऊ नका, ते सगळ्यात शेवटी. तुम्ही सुट्या वस्तू भरताय आणि दमलेल्या माणसाला लागतं अख्खं जेवण, खरी अडचण तिथेच आहे. आधी कागद घ्या आणि थकल्यावर घरातल्यांना जे खावंसं वाटतं असे चार-पाचच पदार्थ लिहा, गरम सूप, मऊ डाळ-भात, टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता, राजमा, ओट्स, जे तुमचं असेल ते. प्रत्येकापुढे लागणारं सगळं सामान लिहा, अगदी तेल-मीठसुद्धा. कपाटातल्या सामानाशिवाय एक-दोनच ताज्या वस्तू लागायला हव्यात, त्याही कांदा-लसणासारख्या टिकाऊ असल्या तर उत्तम. ज्याला चार ताज्या भाज्या लागतात तो पदार्थ कितीही आवडता असो, या यादीत नको, तो सुट्टीच्या दिवशी करा.

मग लावताना एका जेवणाचं सामान एका ट्रेमध्ये. पास्ता, टोमॅटोचा टिन, सुकी हर्ब्ज एकत्र, ट्रे ओढला की स्वयंपाक सुरू, शोधाशोध नाही. ट्रेमधली एखादी गोष्ट संपत आली की तीच खरेदीच्या यादीत जाते, बाकी ऑफर दिसली म्हणून काही आणायचं नाही. नवीन पाकीट मागे, जुनं पुढे. आणि एक छोटीशी गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते, पाकीट डब्यात ओतताना त्यावरचा पाण्याचं प्रमाण आणि शिजायची वेळ लिहिलेला तुकडा कापून डब्याला चिकटवा, तारीख पण लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही.

तेल आणि मसाले शेगडीच्या वर ठेवू नका, उष्णता आणि उजेडाने तेल खवट होतं आणि वाफेने मसाल्यांच्या गुठळ्या होतात. पांढरा तांदूळ कोरडा आणि बंद ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो, पण ब्राऊन राईसच्या कोंड्यात तेल असतं म्हणून तो साधारण ६ महिन्यांत खवट व्हायला लागतो, तो पोत्याने घेऊ नका. बटाटे अंधारात, हवेशीर जागी.

आता राजमा. फ्रीझर हाही कपाटाचाच कप्पा समजा, एकदा शिजवताना दुप्पट शिजवा आणि एकेका जेवणापुरता पिशवीत चपटा करून फ्रीझ करा म्हणजे बर्फ पटकन वितळतो. फक्त कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं त्यामुळे किमान ५ तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. कमी आचेच्या स्लो कुकरमध्ये थेट कच्चा टाकू नका, त्या तापमानाला लेक्टिन नष्ट होत नाही आणि चांगल्या उलट्या होतात. टिनमधला मात्र शिजवलेलाच असतो.

प्रश्न: खूप दिवसांचे काबुली चणे निघालेत, कितीही शिजवा कडकच राहतात. टाकून देऊ?

उत्तर: वास बरा असेल, बुरशी-कीड नसेल तर टाकू नका, ते फक्त जुने झालेत, उबदार दमट जागेत राहिले की असं होतं. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. टोमॅटो किंवा कुठलंही आंबट पूर्ण मऊ झाल्यावरच घाला, आधी घातलं की ते मऊ व्हायला अजूनच वेळ लागतो.

प्रश्न: पिठात सारखे किडे होतात, काय करू?

उत्तर: बऱ्याचदा अंडी पाकिटातूनच आलेली असतात. नवीन पीठ, रवा आणला की बंद पाकीट उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये ४ दिवस ठेवा, मग बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत पाणी सुटेल. कीड लागलेलं पीठ टाकून द्या आणि कप्प्याचे कोपरे, फटी, स्क्रूची भोकं सगळं व्हॅक्यूम करा किंवा ब्रशने झाडून काढा, कारण सांडलेलं पीठ तिथेच साठतं. काही किडे पातळ प्लास्टिक कुरतडून आत शिरतात, त्यामुळे पिठासाठी मात्र काचेचे किंवा जाड प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे खुशाल घ्या, तिथे पैसे खर्च करायला माझी पूर्ण परवानगी!