'ब्लेड रनर'च्या डिस्क ताडून पाहताना: आधी कट ओळखा

'ब्लेड रनर' या 1982च्या चित्रपटाच्या वेगवेगळ्या डिस्क मिळतात. छापाची, म्हणजे डिस्कवरच्या चित्राच्या दर्जाची, तुलना नंतर. आधी हातातल्या डिस्कवर कोणता कट, म्हणजे चित्रपटाची कोणती आवृत्ती, आहे ते पाहा. नवखे इथेच फसतात.

नायक डेकार्डचं निवेदन आणि शेवटी हिरवे डोंगर दिसले, की 1982ची चित्रगृह आवृत्ती. त्यातही आंतरराष्ट्रीय आवृत्तीत मारहाण जास्त. निवेदन नाही, युनिकॉर्नचं (एकशिंगी घोड्याचं) स्वप्न आहे, मग 1992 की 2007? कबुतर उडतं तेव्हाचं आकाश बघा: निळं, निरभ्र असेल तर 1992चा डायरेक्टर्स कट, काळवंडलेलं असेल तर 2007चा फायनल कट. ही एक खूण पुरते.

आता नेहमीच्या चुका.

- पाल (PAL, युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर 117 मिनिटांचा चित्रपट साधारण 112 मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं. सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी धावतात, एवढंच.
- फायनल कटची हिरवट-निळसर छटा बिघाड नव्हे, 2007ला रंग मुद्दाम तसे केले. जुन्या डिस्कशी रंग जुळत नाहीत म्हणून गुण कापू नका.
- 4के एचडीआरचा (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राचा) स्क्रीनशॉट साध्या मॉनिटरवर फिकट, राखाडी दिसतो. त्यावरून निकाल देऊ नका.
- टीव्हीचा 'व्हिव्हिड' (भडक रंगांचा) मोड आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय) बंद. हे नाही केलं तर बाकी सगळी मेहनत वाया!

तुलनेला तीनच चौकटी घ्या, पण प्रत्येक डिस्कवरून नेमकी तीच: सुरुवातीचं शहर, उद्योगपती टायरेलचं दालन, पावसातलं छत. धुरात आणि अंधारात बारकावे टिकतात का, तेवढंच पाहा. बिटरेट (सेकंदाला किती डेटा), ग्रेन (फिल्मचे बारीक कण) वगैरे सध्या राहू द्या. आणि परदेशी ब्ल्यू-रे मागवण्याआधी रीजन (ती कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालते तो कोड) तपासा: भारत सी, अमेरिका ए. 4के डिस्कला ही कटकट नाही.