टीव्हीवरची कॉमेडी नुसती ऐकली तर काय हरवते?

तुम्ही विचारलं की टीव्हीची कॉमेडी फक्त ऑडिओवर आणली तर काय जाते. सगळे म्हणतात पडणं-धडपडणं जाते. ते तर जातेच, पण माझ्या मते जास्त नुकसान होते गप्प बसलेल्या माणसाचं, कारण ज्याला डायलॉग नाही तो ऑडिओमध्ये अख्खाच गायब होते.

आमच्या इकडे कापूस वेचताना बाया मोबाईल पिशवीत ठेवून हास्यजत्रेचे स्किट लावतात, दोन्ही हात बोंडात अन् कान तिकडे. चला हवा येऊ द्या मधलं भारत गणेशपुरेंचं काही लागलं तर स्क्रीनची गरजच पडत नाही, सगळी मजा त्या वऱ्हाडी हेलात आहे. पण मधातच कोणी काही न बोलता स्टेजवरचे सगळे जोरात हसतात, अन् वावरात प्रश्न येते, "काऊन हसून राहिले वं ते?" मग एकजण हात पुसून मोबाईल काढते तोवर तो सीन निघून गेला असते. कोणीतरी नुसतं एकमेकाकडे पाहिलं असते, बस.

बीबीसीची डॅड्स आर्मी नावाची मालिका, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या एका गावाची राखण करणाऱ्या हौशी शिपायांच्या तुकडीवरची कॉमेडी, 1968 ते 1977 टीव्हीवर होती, अन् 1974 ते 1976 मध्ये बहुतेक त्याच मेन कलाकारांना घेऊन तिचे एपिसोड रेडिओसाठी नव्यानं बसवले होते. त्यात एक जर्मन कैदी लिस्टमध्ये नावं लिहून घेत असते, तुकडीतल्या एका पोराला नाव विचारते, तर त्यांचा कॅप्टन स्वतःच ओरडते, "त्याला सांगू नको, पाईक!" हा जोक कानानं पण शंभर टक्के पोचते. पण त्या कॅप्टनची टोपी अन् चष्मा वाकडा होणं, किंवा सार्जंट विल्सननं काही न बोलता भुवई वर करणं, हे रेडिओवर कसं दाखवणार?

अन् अजून एक गोष्ट, जी मले सगळ्यात महत्त्वाची वाटते. टीव्हीवर प्रेक्षकाला आधी दिसते की दाराच्या मागं कोण उभं आहे, बोलणाऱ्याला माहीत नसते, अन् हसू त्या मधल्या दोन सेकंदात येते. ऑडिओत ते सांगायला कोणाला तरी बोलावं लागते, "अरे बापरे, मागं तर मालक उभा हाय!" झालं, गुपित फुटलं. म्हणून स्क्रिप्ट नव्यानं लिहिल्याशिवाय नुसता चित्राचा भाग कापून ऑडिओ टाकणं मले पटतच नाही, ऐकणाऱ्याचा अपमान आहे तो. मिस्टर बीनचं तर विचारूच नका, तो बोलतेच किती, आवाजावर आणला तर मागचं हसणं अन् म्युझिक एवढंच उरते.