'महिला अध्यक्षा' आणि अमरकोशातलं 'स्वतः'

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ८ मार्चच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायची आहे. तिच्यात 'महिला अध्यक्षा' लिहावं, 'अध्यक्षा' लिहावं की नुसतं 'अध्यक्ष'? सोबत पत्रिकेचा मसुदा जोडलाय. शिवाय एका ज्येष्ठ भाषातज्ज्ञांचं मतही कळवलंय, की समता हवी तर 'अध्यक्षा', 'लेखिका', 'शिक्षिका' हे शब्द मोडीतच काढावेत.

आधी 'महिला'चा निकाल लावते, कारण हा शब्द ऐकून ऐकून कान किटलेत. 'महिला अध्यक्षा म्हणाल्या' या तीन शब्दांत त्या बाई आहेत हे तीनदा सांगून झालं. मराठीत क्रियापद चहाडी करतंच, 'अध्यक्ष म्हणाल्या' एवढ्यानं भागतं. 'महिला लेखिका' कुणी म्हटलं की पुरुष लेखिका कुठे भेटतील, असं विचारावंसं वाटतं. त्यातून महिला मंडळ, महिला वसतिगृह या समासांत 'महिला' म्हणजे महिलांचं किंवा महिलांसाठी. मग 'महिला डॉक्टर' म्हणजे डॉक्टर झालेली महिला की महिलांचा डॉक्टर? पशुवैद्य हा काही पशू नसतो.

आता भाषातज्ज्ञांकडे वळू. शब्द मोडीत काढायला निघण्याआधी त्यांनी अमरकोश, म्हणजे अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, उघडलेला दिसत नाही. तिथे एक ओळ आहे, ती मला इतकी आवडते की कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगते:

'उपाध्यायाप्युपाध्यायी स्यादाचार्यापि च स्वतः। आचार्यानी तु पुंयोगे...'

'आचार्या' कोण? जी स्वतः शिकवते ती. 'आचार्यानी' कोण? जी 'पुंयोगे', म्हणजे पुरुषाशी लग्न लागल्यामुळे, त्या पदाच्या शेजारी येऊन बसली ती. आचार्यांची बायको. एका प्रत्ययाचा फरक, पण त्यात सगळं आलं. आणि ते 'स्वतः' बघा. आपण आज रोज बोलतो तेच. मागे एका समारंभात ओळख करून देणारे गृहस्थ म्हणाले, "या आपल्या डॉक्टरीणबाई." समोरच्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या मिसेस का?" त्यावर घाईघाईनं खुलासा झाला: "नाही, नाही, त्या स्वतः डॉक्टर आहेत." अमरसिंहाचा शब्द जसाच्या तसा! गृहस्थांना पत्ताही नव्हता.

'उपाध्याया'ची फोड तर आणखी गोड आहे. पाणिनीच्या 'इङश्च' (३.३.२१) या व्याकरणसूत्रावर वार्तिक, म्हणजे पुरवणी-नियम, आहे, त्यातून हा शब्द निघतो: जिच्याजवळ जाऊन शिकायचं ती. नवऱ्याचा उल्लेखच नाही. यावर काही संस्कृत पंडितांचं नेहमीचं म्हणणं असतं, की अशा बाया प्रत्यक्षात नव्हत्याच, वैयाकरणांनी रूपांचा तक्ता पुरा करायला शब्द बनवला. मला हे अजिबात पटत नाही. वैयाकरण पोलिसासारखा असतो, तक्रार आल्याशिवाय जागचा हलत नाही. 'उपाध्यायी' म्हटल्यावर शिकवणारी की बायको, असा घोटाळा लोकांच्या बोलण्यात होत असणार, म्हणून तर खास नियम करावा लागला. पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्यात काशकृत्स्नि या आचार्यांची मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र, शिकणारी 'काशकृत्स्ना' येते, आपिशलि या आचार्यांचं व्याकरण शिकणारी 'आपिशला' येते. शिकणाऱ्या होत्या आणि शिकवणाऱ्या तेवढ्या नव्हत्या?

(२००७ साली प्रतिभा पाटील निवडून आल्यावर बाईला 'राष्ट्रपती' कसं म्हणायचं, यावरून जो गोंधळ झाला, तोही असाच बिनकामाचा. समासात शेवटी 'पति' असेल तर स्त्रीलिंगी 'पत्नी' विकल्पानं होतं, 'पति'ही चालतं. 'विभाषा सपूर्वस्य', ४.१.३४. पाणिनीनं परवानगी आधीच देऊन ठेवली होती.)

मराठीनं मात्र हा भेद घालवला. आपल्याकडे '-ईण' आणि '-आणी' दोन्ही कामं करतात. इथे माझा एक लाडका सिद्धांत आहे. मान असेल तिथे ही बाई नवऱ्यामुळे, कष्ट असतील तिथे स्वतः! पाटलीण, सावकारीण, शेठाणी या पुंयोगी. मोलकरीण, नोकराणी, सुईण या स्वतः. नोकराची बायको म्हणून कुणी नोकराणी होत नाही, तिला भांडी घासावी लागतात. सुईणीचं तर पुल्लिंग सांगून दाखवा. सुतारीण काही रंधा मारत नाही, हे मला ठाऊक आहे, तेव्हा पत्र पाठवू नका. एका सुतारणीनं सिद्धांत पडत नाही. देवीही यातून सुटलेली नाही. 'भवानी' म्हणजे भवाची, शंकराची, पत्नी. पाणिनीच्या ज्या सूत्रातून (४.१.४९) आचार्यानी निघते त्यातूनच भवानी आणि इंद्राणीही निघतात. शक्ती म्हणून जिला हाक मारायची तिचं नावही पुंयोगे!

या सगळ्याला छेद देते ती आनंदीबाई जोशी. १८८६ साली फिलाडेल्फियात तिनं वैद्यकीची पदवी घेतली. नवरा गोपाळराव पोस्टात. तेव्हा तिला 'डॉक्टरीण' म्हणा नाहीतर आणखी काही, पुंयोगानं डॉक्टरीण व्हायची सोयच नव्हती. झाली असती तर पोस्टमास्तरीण. उलट क्यूरीबाईंचं बघा. १९०३ चं नोबेल नवरा पिएर आणि बेकेरेल यांच्यासोबत, १९११ चं एकटीचं, आणि तरी आपल्या पुस्तकांत त्या 'मादाम क्यूरी'च. पिएरना 'मस्यू (म्हणजे श्रीयुत) क्यूरी' म्हणणारा मला अजून भेटायचाय. 'मादाम' हे सरळसरळ 'आचार्यानी' आहे, 'आचार्या' नव्हे.

म्हणून भाषातज्ज्ञांना माझं सांगणं असं, की '-आ' काढू नका. तो '-आ'च 'स्वतः'ची खूण आहे. काढायचं असेल तर '-आनी' काढा.

हां, पत्रिका राहिली. 'अध्यक्षा' लिहा नाहीतर 'अध्यक्ष' लिहा, माझी हरकत कशालाच नाही, 'महिला' तेवढं खोडा. आणि तिसऱ्या ओळीत 'सुप्रसिद्ध महिला कवियत्री' आहे, तिथे तर दोन अपराध आहेत. नेता-नेत्री, तसं कवयिता-कवयित्री. 'व'वर वेलांटी नाही, ती 'य'वर. छापखान्यात जायच्या आत दुरुस्त करून घ्या.