आइनस्टाइन हे आडनाव मुळात कुठले, आणि हे आडनाव लावणारे सगळे एकाच घराण्यातले असतात का?

आपल्या कार्यालयात अमेरिकेहून आलेल्या एका सहकाऱ्याचे आडनाव आइनस्टाइन आहे, आणि त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे आडनाव जर्मनीत सर्रास आढळते का, त्याचा अर्थ ‘एक दगड’ असाच आहे का, आणि हे आडनाव लावणारे सगळे त्या थोर शास्त्रज्ञाचे नातेवाईक असतात का. मी बरीच वर्षे दक्षिण जर्मनीत राहून भाषांतराचे काम करतो. जुनी कौटुंबिक कागदपत्रे वारंवार हाताखालून जात असल्यामुळे आडनावांच्या इतिहासाची मला मनापासून गोडी लागली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आडनाव सर्रास मुळीच नाही. म्युलर, श्मिट किंवा मायर यांच्यासारखी आडनावे जर्मनीच्या कोणत्याही गावात पावलोपावली भेटतात. आइनस्टाइन हे आडनाव मात्र जगभर तोंडी असूनही प्रत्यक्ष जर्मनीत फार थोड्या घरांच्या दारावर दिसते. ते असे दुर्मीळ का झाले, हे समजून घ्यायचे असेल तर त्याचे मूळ आधी पाहावे लागते, कारण ज्या प्रदेशात ते रुजले तो प्रदेशच मुळात लहान होता.

दक्षिण जर्मनीतील उल्म शहराच्या नैर्ऋत्येला फेडरझे नावाचे एक उथळ, दलदलीने वेढलेले सरोवर आहे आणि त्याच्या काठी बूखाउ नावाचे लहानसे गाव आहे. चिखलाच्या उपचारांमुळे १९६३ पासून त्याला अधिकृतपणे बाड बूखाउ म्हणतात. या गावाच्या नोंदींत १६६५ साली बारूख मोझेस आइनश्टाइन नावाच्या एका ज्यू गृहस्थाला तेथे राहण्याची परवानगी मिळाल्याचे आढळते. तो बोडनझे सरोवराच्या परिसरातून आला होता. त्या काळी ज्यूंना जर्मन प्रदेशांत कुठेही आपखुशीने राहता येत नसे. गावाच्या सत्ताधाऱ्याला ठरावीक संरक्षण-कर भरूनच वास्तव्याचा हक्क मिळवावा लागे आणि तो हक्कही कायमचा नसे. शास्त्रज्ञ अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पितृवंशाची ज्ञात सुरुवात याच बारूखपासून होते.

या नावाची रचना मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. ‘बारूख’ हे त्याचे स्वतःचे नाव, ‘मोझेस’ हे वडिलांचे, आणि तिसरे ‘आइनश्टाइन’. आपल्याकडे पूर्ण नाव जसे लिहितात अगदी तसेच. फरक एवढाच की, त्या काळच्या बहुतेक ज्यू कुटुंबांत पहिली दोनच नावे वापरली जात. मुलाचे नाव आणि बापाचे नाव, आणि पुढच्या पिढीत तो बाप बदलला की दुसरे नावही बदलत असे. तिसरे, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे नाव लावणारी घराणी कमी होती, आणि बारूखचे घराणे त्या थोड्यांपैकी होते.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण या आडनावाविषयीचा सर्वांत प्रचलित गैरसमज त्यामुळेच दूर होतो. गोल्डस्टाइन, रूबिनस्टाइन, रोझेनथाल, ब्लूमेनफेल्ड यांसारखी ज्यू आडनावे आपण ऐकतो. त्यांतील पुष्कळशी राज्यकर्त्यांनी कायद्याने आडनाव घेणे सक्तीचे केल्यावर, ऐकायला बरे वाटेल असे शब्द जोडून तयार झाली. ऑस्ट्रियात सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८७ मध्ये अशी सक्ती केली, बाडेनमध्ये १८०९ साली, प्रशियात १८१२ साली, आणि बूखाउ ज्या राज्यात मोडत होते त्या व्युर्टेम्बर्गमध्ये तर थेट १८२८ साली. आइनस्टाइन हेही ‘स्टाइन’ने संपत असल्यामुळे ते त्याच काळातले, कोणा कारकुनाने दिलेले किंवा हौसेने घेतलेले नाव असावे, असे पुष्कळांना वाटते. परंतु १८२८ चा कायदा आला तेव्हा बूखाउमधील आइनस्टाइन मंडळी हे नाव दीडशेहून अधिक वर्षे लावत होती. त्यांना नवे आडनाव शोधण्याची गरजच पडली नाही.

आता अर्थाविषयी. आधुनिक जर्मनमध्ये ‘आइन’ म्हणजे एक आणि ‘श्टाइन’ म्हणजे दगड, हे खरे. पण आडनावांचा अर्थ असा आजच्या शब्दकोशातून लावता येत नाही. आडनावांचे जर्मन अभ्यासक हे नाव स्थळवाचक आडनावांत धरतात आणि त्याचा संबंध दगडांनी वेढणे, दगडी कुंपण घालणे या अर्थाच्या मध्ययुगीन क्रियापदाशी जोडतात. म्हणजे ज्या जागेभोवती गडगा घातलेला असेल त्या जागेवरून पडलेले नाव. जुन्या नोंदीतील नावाचे पहिले रोमन अक्षर आजच्याप्रमाणे E नसून A आहे. दक्षिण जर्मनीतल्या लेखनिकांची ती नेहमीची लकब होती. लेखनिक कानाला जसे ऐकू येई तसे लिहीत, आणि एकाच माणसाचे नाव दोन कागदांवर दोन प्रकारे लिहिलेले असण्यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटत नसे. संपूर्ण जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालये सुरू झाली आणि त्यानंतर आडनावांचे लेखन कायमचे गोठले.

स्थळवाचक नाव ज्यू घराण्याला कसे लागले, याचा उलगडा त्या समाजाच्या भटकंतीतून होतो. उल्म शहराने १४९९ साली आपल्या सर्व ज्यू रहिवाशांना हाकलून दिले. दक्षिण जर्मनीतील इतर शहरांनीही त्याच सुमारास तेच केले. ही कुटुंबे मग लहान लहान सरदारांच्या गावांत विखुरली, आणि नव्या गावात गेल्यावर लोक त्यांना जुन्या ठिकाणाच्या नावाने ओळखू लागले. उल्मवरून उलमान, ओपेनहाइमवरून ओपेनहाइमर. मूळ गावात राहणाऱ्याला त्या गावाचे नाव कोणी लावत नाही, कारण तेथे सगळेच त्या गावचे असतात. त्यामुळे असे आडनाव दिसले की त्या घराण्याने ते ठिकाण कधीतरी सोडलेले असते, आणि माझ्या मते या आडनावांचा विचार करताना हे सर्वांत आधी ध्यानात घ्यावे.

बूखाउमध्ये हे घराणे वाढत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गावात सुमारे सातशे ज्यू राहत होते, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ एक तृतीयांश. १८३९ साली तेथे नवे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे राहिले, आणि त्यावर चर्चप्रमाणे घंटा होती, ही सिनेगॉगच्या बाबतीत अत्यंत विरळा गोष्ट. त्याच वर्षी अल्बर्ट यांचे आजोबा आब्राहम आइनस्टाइन यांचा विवाह गावातल्याच मोस घराण्यातील हेलेने यांच्याशी झाला. गावाच्या ज्यू दफनभूमीतून मी फिरलो आहे. शेवाळलेल्या, एकमेकींकडे कललेल्या शिळांवर हिब्रू ओळींखाली जर्मन अक्षरांत तेच आडनाव इतक्या वेळा येते की, इथे ते दुर्मीळ होते हे खरेच वाटत नाही. लाउपहाइम या जवळच्या गावातही आइनस्टाइन कुटुंबे होती. एका मर्यादित टापूत दाट आणि बाकी देशात जवळजवळ नाही, अशी या नावाची ठेवण होती.

इतक्या लहान समाजात विवाहसंबंध आपापसांत होणे स्वाभाविक होते, आणि त्याचे बोलके उदाहरण म्हणजे अल्बर्ट यांच्या दुसऱ्या पत्नी एल्झा. त्या जन्माने आइनस्टाइनच होत्या. त्यांचे वडील रूडोल्फ हे अल्बर्ट यांच्या वडिलांचे, हेरमान यांचे, चुलतभाऊ. आणि एल्झांची आई व अल्बर्ट यांची आई सख्ख्या बहिणी. म्हणजे एका बाजूने मावसबहीण आणि दुसऱ्या बाजूने चुलत घराण्यातली बहीण. पहिल्या लग्नानंतर एल्झांचे आडनाव ल्योवेनथाल झाले, १९०८ साली घटस्फोट झाल्यावर त्यांनी माहेरचे नाव परत घेतले, आणि १९१९ साली अल्बर्ट यांच्याशी विवाह झाला तेव्हा आडनाव बदलण्याचा प्रश्नच आला नाही.

१८६४ साली व्युर्टेम्बर्गने ज्यूंना पूर्ण नागरी समानता दिली आणि बूखाउ रिकामे होऊ लागले. तरुण मंडळी उल्म, श्टुटगार्ट, म्युनिक अशा शहरांकडे वळली. अमेरिकेला जाणाऱ्यांचा ओघ त्याआधीच सुरू झाला होता. हेरमान आइनस्टाइन १८४७ साली बूखाउमध्ये जन्मले. पण त्यांच्या मुलाची जन्मनोंद उल्मची आहे. १५ मार्च १८७९ च्या त्या नोंदीत लिहिले आहे की, व्यापारी हेरमान आइनस्टाइन, राहणार उल्म, बान्होफश्ट्रासे, यांची पत्नी पाउलिने, माहेरची कोख, हिला १४ मार्च रोजी सकाळी साडेअकरा वाजता मुलगा झाला असून त्याचे नाव अल्बर्ट ठेवले आहे. आईवडील दोघांचाही ज्यू धर्म तीत नमूद आहे.

शहरांत विखुरल्यामुळे नाव विरळ झाले. पण ते जर्मनीतून जवळजवळ पुसले गेले ते नाझी राजवटीत. उल्ममध्ये १९२२ पासून आइनस्टाइन यांच्या नावाचा रस्ता होता. १९३३ साली ते नाव काढून तत्त्वज्ञ फिख्टे यांचे दिले गेले आणि युद्ध संपल्यावर १९४५ मध्येच जुने नाव परत आले. बूखाउचे सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळले गेले. १९३९ च्या आरंभापासून ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावण्याची सक्ती झाली. ज्यांना देश सोडता आला ते गेले, उरलेल्यांना छळछावण्यांत पाठवण्यात आले. हे आडनाव किती घातक ठरू शकत होते याची एक घटना जर्मनीबाहेरची आहे, आणि ती लिहिताना आजही मन सुन्न होते. अल्बर्ट यांचे काका याकोब यांचे पुत्र रोबेर्ट आइनस्टाइन इटलीत फ्लोरेन्सजवळ राहत होते. ३ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन सैनिकांची एक तुकडी त्यांच्या शोधात घरी आली. ते रानात लपले असल्यामुळे सापडले नाहीत, तेव्हा त्यांची पत्नी आणि दोन मुली यांना ठार करण्यात आले. त्या तिघी ज्यूदेखील नव्हत्या. पुढच्याच वर्षी रोबेर्ट यांनी आपले जीवन संपवले.

खुद्द बूखाउमध्ये युद्धानंतर परतलेले झीगबेर्ट आइनस्टाइन हे टेरेझिएनश्टाट छावणीतून वाचले होते. गावकऱ्यांनी त्यांना नगरपालिकेवर निवडून दिले आणि ते उपनगराध्यक्षही झाले. १९६८ साली ते वारले, आणि तीनशे वर्षांहून अधिक काळ गावात असलेल्या ज्यू समाजाचे शेवटचे माणूस गेले.

आजच्या प्रसाराचा अंदाज घ्यायचा तर जर्मनीत आडनावांचे नकाशे उपलब्ध आहेत. फ्रायबुर्ग आणि माइन्झ येथील विद्वानांनी २००५ सालच्या दूरध्वनी जोडण्यांच्या आधारे जर्मन आडनावांचा मोठा अ‍ॅटलास तयार केला आहे. सामान्य आडनावांसाठी अशी साधने उत्तम आहेत, कारण नाव जिथे रुजले तिथेच ते बहुधा आजही दाट आढळते. परंतु ज्यू आडनावांच्या बाबतीत त्या नकाशांवर विसंबून मूळ गाव ठरवू नये. ज्या बूखाउत हे नाव सर्वांत दाट होते तेथून ते माणसांसह नाहीसे झाले, हे नकाशा सांगत नाही. आता हे आडनाव जर्मनीपेक्षा अमेरिकेत अधिक भेटते.

नात्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आडनाव एक म्हणून रक्त एक, असे गृहीत धरू नये. कलासमीक्षक कार्ल आइनस्टाइन आणि मोत्सार्टच्या रचनांची सूची १९३७ साली नव्याने सिद्ध करणारे संगीत-अभ्यासक आल्फ्रेड आइनस्टाइन हे दोघे अल्बर्ट यांचे समकालीन व आपापल्या क्षेत्रांत नामवंत होते. पण केवळ नावावरून त्यांना एका वंशवृक्षात बसवणे चुकीचे ठरेल. अमेरिकी अभिनेते अल्बर्ट ब्रूक्स यांचे जन्मनाव तर चक्क अल्बर्ट आइनस्टाइन आहे, आणि त्यांचा त्या शास्त्रज्ञाशी काहीही संबंध नाही.

आपल्या सहकाऱ्याला खरोखर शोध घ्यायचा असेल, तर अमेरिकेत प्रथम आलेल्या पूर्वजाचे जन्मगाव विचारून घ्यावे. ते बूखाउ, लाउपहाइम किंवा आसपासचे निघाले, तर पुढचा मार्ग सोपा आहे. व्युर्टेम्बर्गमधील ज्यू जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवह्या युद्धाच्या अखेरच्या काळात नाझी वंशनोंदणी खात्याने वंशशुद्धीच्या कामासाठी छायाचित्रित करून ठेवल्या होत्या. मूळ वह्यांपैकी बहुतेक हरवल्या. त्या छायाचित्रांमुळेच मजकूर वाचला. श्टुटगार्टच्या राज्य अभिलेखागारात ‘योट ३८६’ (J 386) या क्रमांकाखाली तो संग्रह आहे आणि आता तो घरबसल्या संगणकावर पाहता येतो. लिखाण जुन्या जर्मन वळणाचे असल्यामुळे सुरुवातीला वाचायला जड जाते. नेमके पान सापडले आणि ते लागत नसेल, तर मला इथे कळवा, मी आनंदाने वाचून देईन.