ताप उतरला, पण धडधड का थांबत नाही?

"व्हायरल होऊन महिना झाला, तरी मी पूर्वीसारखी नाही. माझ्या मनालाच काही झालंय का?" समुपदेशनाला येणारी बरीच माणसं असं विचारतात. त्यामागोमाग दुसरी शंका असतेच : हार्मोन्स कायमचे बिघडले तर? एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ३८. यजमान त्यांना घेऊन आले आणि त्यांच्या वतीने बोलूही लागले. "मॅडम, हिला टेन्शन झालंय. झोपत नाही, हात थरथरतात, मुलांवर खेकसते, वजन उतरलंय. जरा समजावा." सर्दी-तापाबद्दल विचारलं तर म्हणाले, "तो कधीच गेला." मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

चिंतेत आधी एखादा विचार येतो आणि त्याच्या मागून छाती धडधडते, असं पुष्कळदा दिसतं. इथे धडधडच आधी येत होती, गाढ झोपेतूनही उठवत होती. भीती कशाची वाटते, विचारलं तर उत्तर आलं, "कशाचीच नाही हो ताई, तरी छाती धावत सुटते." बाकीच्यांना गार वाटायचं तेव्हा यांना घाम फुटायचा. जेवण नेहमीइतकंच होतं. एवढ्यावरून मी काही ठरवलं नसतं, कारण भयाच्या झटक्यातही घाम येतो. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या, "घसा अजून बरा नाही. गिळताना कळ थेट कानापर्यंत जाते." हे सांगताना त्यांचा हात मानेच्या पुढच्या भागावर होता, आणि तिथे नुसता स्पर्शही त्यांना सोसत नव्हता. मी त्या दिवशीचं सत्र तिथेच थांबवलं आणि चिठ्ठी देऊन त्यांना फिजिशियनकडे पाठवलं.

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइडची हार्मोन्स वाढली की ते उतरतं, घटली की चढतं) जवळजवळ शून्य, थायरॉइडची हार्मोन्स वाढलेली, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) बराच वर. निदान झालं सबअक्यूट थायरॉइडायटिस, म्हणजे थायरॉइड ग्रंथीची सूज. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १९०४ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावानेही ओळखली जाते. सर्दी-तापासारख्या विषाणुसंसर्गानंतर काही आठवड्यांनी ही सूज येऊ शकते. थायरॉइडमध्ये काही आठवडे पुरेल इतका हार्मोनचा साठा असतो. सुजेने ग्रंथीला इजा झाली की तडा गेलेल्या टाकीसारखा हा साठा रक्तात गळू लागतो. ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नसते, म्हणून थायरॉइड दाबणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग नसतो. डॉक्टरांनी सूज-वेदनेचं औषध आणि धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर दिलं. दुखणं हटलं नाही तर काही काळ स्टेरॉइड देतात. यांना त्याची गरज पडली नाही.

दोनेक महिन्यांनी त्या आल्या, या वेळी एकट्या. आता सगळं उलटं झालेलं : झोप संपत नाही, थंडी वाजते, पोट साफ नाही, उगाच रडू येतं. "आधी टेन्शन, आता डिप्रेशन. पुढे काय?" हा याच आजाराचा पुढचा टप्पा होता. साठा गळून संपलेला, ग्रंथी अजून सावरलेली नाही, त्यामुळे टीएसएच वर गेलेला. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, पण घाबरलेल्या माणसाला पहिल्या भेटीतलं फार थोडं आठवतं. बहुतेकांची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते. थोड्यांना मात्र थायरॉइड हार्मोनची गोळी कायम घ्यावी लागते. "तुमचं नक्की बरं होईल" असं वचन मी दिलं नाही.

त्यांना खरं खुपत होतं ते वेगळंच. त्या धडधडीच्या दिवसांत त्यांनी मुलावर हात उचलला होता. "ताई, तो हात माझा होता की थायरॉइडचा?" यावर आम्ही दोन सत्रं बोललो. हार्मोन वाढलं की संयम लवकर सुटतो, हे खरं. म्हणून "मी वाईट आई आहे" असा निकाल त्या दिवसांवरून लावायचा नाही. पण मुलाची माफी त्यांनीच मागायची, रिपोर्टने नाही. ती त्यांनी मागितली. यजमानांनाही बोलावलं आणि "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य काही महिने बंद ठेवायला सांगितलं.

अर्थात प्रत्येक थकव्यामागे थायरॉइड नसतं. तापात शरीर स्वतःहूनच हार्मोन्सची फेरमांडणी करतं. संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचे निरोप मेंदूपर्यंत जातात, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, त्याने साखर चढते. पाळी पुढे जाऊ शकते. थायरॉइडचं टी-३ हे हार्मोन उतरतं, म्हणून सबळ कारण नसेल तर ऐन तापात थायरॉइडची तपासणी टाळलेली बरी. तापात साखर वाढलेली दिसली तर डॉक्टर एचबीए१सी बघतात. त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तापाने चढलेली साखर आणि आधीपासूनचा मधुमेह यातून बऱ्याच अंशी वेगळे ओळखता येतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी झालं म्हणून ते मनानेच बंद करू नये. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर ते अचानक मुळीच थांबवू नये, जिवावर बेतू शकतं. लहान मुलाला सतत तहान, सारखी लघवी आणि वजनात घट असेल, तर त्याच दिवशी साखर तपासायची.

गालगुंड झालेले तरुण वंध्यत्वाच्या धास्तीने येतात. वयात आल्यावर गालगुंड झाल्यास वृषणाला सूज येऊ शकते, पण ती बहुधा एकाच बाजूला असते आणि पूर्ण वंध्यत्व विरळाच. तापाने शुक्राणू काही काळ कमी होऊ शकतात, आणि नवे तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यामुळे तापानंतर लगेच केलेल्या वीर्यतपासणीवरून कुणी हाय खाऊ नये.

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही दमणूक असेल तर ती ढोंग ठरत नाही. हळूहळू कामाला लागायचं. "हार्मोन बॅलन्स"च्या महागड्या पॅकेजांवर मात्र पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठव्या महिन्यात बाईंचा टीएसएच नॉर्मल आला. शेवटच्या सत्रात त्यांनी विचारलं, "पुन्हा व्हायरल झालं तर पुन्हा हेच?" हा आजार क्वचित उलटतो. तरीही तापानंतर मान दुखून धडधड सुरू झालीच, तर आधी रक्त तपासायचं आणि मग माझ्याकडे यायचं, असं आमचं ठरलं आहे.