थारचा थाट आणि वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: महिंद्राची थार डोंगरात फारशी न्यायची नाही, पण डोंगरातून आत्ताच आल्यासारखी दिसली पाहिजे. यात लाजण्यासारखं काही नाही. लग्नात फेटा बांधून मिरवणाऱ्याला कोणी ‘लढाईवर कधी निघालात?’ असं विचारत नाही. सजावटीची एक जात मात्र मला अजिबात चालत नाही. ती कोणती, हे तिसऱ्या उत्तरात सांगितलं आहे.

प्रश्न : माझी डिझेल थार चार बाय चार आहे, कंपनीचे अठरा इंची अलॉय आहेत. वापर जवळजवळ सगळा शहरात, वर्षातून दोनदा गगनबावड्याकडे. फक्त लूकसाठी ३३ इंची मड टायर घालून दोन इंच लिफ्ट करायची, म्हणजे बॉडी तेवढी उंच करायची आहे. ॲव्हरेज थोडं कमी होईल हे मान्य आहे. आणखी काही? (एक वाचक, कोल्हापूर)

आणखी बरंच आहे. तुमचा सध्याचा टायर २५५/६५ आर १८, म्हणजे त्याचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. ३३ इंच म्हणजे ८३८. फरक सहा टक्क्यांचा. स्पीडोमीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८५ ने पळत असेल, आणि स्पीडगनच्या चलानावर तुमच्या काट्याचा आकडा येत नसतो. चाक जड झालं की पिकअप मंदावतो आणि ब्रेकला जास्त काम पडतं. ज्याकडे कोणी बघत नाही ती जागा मागच्या दाराची: तिथे लटकलेली स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागते. तो वाढीव भार बिजागऱ्यांवर येतो. काही महिन्यांत दार किंचित खाली बसतं, लॉक नीट लागत नाही आणि खड्ड्यात मागून ‘खडखड’ सुरू होते. मग गिऱ्हाईक येऊन सांगतं, सस्पेन्शन वाजतंय.

लिफ्टबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. थारच्या मागे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याने जोडलेली. स्प्रिंगखाली स्पेसर (जाड चकती) घातला की बॉडी वर जाते, पण त्या ॲक्सलवरचा गिअरचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, होता तिथेच राहतो. दगडाला आधी लागणारा भाग तोच. तो फक्त मोठ्या टायरने वर येतो, तोही व्यासातल्या फरकाच्या निम्मा, म्हणजे तुमच्या बाबतीत जेमतेम २५ मिलिमीटर. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथे लिफ्ट केली की चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचे, कोन वाढतात. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले, तर शाफ्टचं रबरी बूट फाटलं म्हणून समजा.

मड टायरचं सांगायचं तर त्याच्या ठोकळ्यांत मोठ्या फटी असतात. चिखल बाहेर फेकायला त्या उत्तम, पण ओल्या डांबरावर रस्त्याला टेकणारं रबर त्यामुळे कमी पडतं. तुम्ही गगनबावड्याला पावसाळ्यातच जात असणार, आणि त्या घाटातल्या पावसाबद्दल कोल्हापूरकराला मी काय सांगावं! माझं मत विचाराल तर कंपनीच्याच मापाचा ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचा) टायर घ्या, पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवा आणि लिफ्टचे पैसे वाचवा. गाडी दणकट दिसते आणि रस्ताही धरते.

प्रश्न : मुलाने थारला स्नॉर्केल, म्हणजे छतापर्यंत जाणारा हवेचा पाईप, बसवून आणलाय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, तो नुसता चिकटवलेला आहे, आत कुठेच जोडलेला नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, तो फक्त दिसायला आहे.’ पण पावसाळ्यात मित्रांबरोबर ताम्हिणीच्या बाजूला जातो. मी उगाच घाबरतेय का? (एक वाचक, पुणे)

ताई, उगाच नाही. मुलगा खरं बोलतोय, हीसुद्धा जमेची बाजू. धोका सहा महिन्यांनी आहे, किंवा गाडी त्याच्या मित्राच्या हातात असेल तेव्हा. पाईप पाहून मनाला वाटतं की ही गाडी पाण्यातली आहे.

खरा स्नॉर्केल एकच काम करतो: इंजिनला लागणारी हवा छताच्या उंचीवरून घेतो. त्यासाठी फेंडरला भोक पाडून पाईप एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत न्यावा लागतो, प्रत्येक जोड सील करावा लागतो आणि त्या डब्याच्या तळाशी धूळ-पाणी निघायला ठेवलेलं भोकही बंद करावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी पाणी आत जातं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढची गोष्ट इंजिन उघडण्याची. साध्या विमा पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनचं नुकसान बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असतं. ते घेतलंय का, हे आजच पॉलिसी काढून बघा.

दुसरं म्हणजे, स्नॉर्केल नसतानाही कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा देते. गाडीशेजारी उभं राहून मोजलं तर टायरची वरची कड जेमतेम चौदा सेंटिमीटर वर उरते. पुष्कळ झालं की! पण हा आकडा संथ पाण्याचा आणि चालण्याच्या वेगाचा आहे. वाहत्या ओढ्यात इंजिनच्या आधी टायर जमीन सोडतात, आणि तिथे खरा स्नॉर्केलही उपयोगाचा नाही. मुलाला पाईप काढायला लावू नका, भांडण होईल. डॅशबोर्डवर ‘डमी’ एवढं लिहून चिकटवायला सांगा. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवायची, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : पुढे लोखंडी बंपर, त्याला लाल डी-शॅकल (ओढण्याची कडी) आणि मागे टो-बॉल असं पॅकेज घेतलंय. अॅक्सेसरीवाला म्हणतो सगळं हेवी ड्यूटी आहे. ओढायला-बिढायला चालेल ना? (एक वाचक, नाशिक)

मला न चालणारी जात हीच. स्टिकर खोटा असला तर फार तर कोणी हसेल. हुक खोटा असला तर माणूस जायची वेळ येते.

पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी चिखलात पोटावर बसली की तिला ओढायला नुसत्या वजनाचा हिशेब पुरत नाही. चिखल खालून धरून ठेवतो. झटका देऊन काढणारा ताणाचा पट्टा वापरला, तर त्यात साठलेली ताकद आणखी वाढते. हुक तुटला की तो त्या ताकदीनिशी काचेतून आत येतो. टो-बॉल तर याबाबतीत कुप्रसिद्ध आहे. तो ट्रेलर जोडण्यासाठी बनवलेला असतो, रुतलेली गाडी उपसण्यासाठी नव्हे. बॉलचा दांडा तुटून माणसं मेल्याच्या घटना ऑस्ट्रेलियात झालेल्या आहेत.

तुमच्या गाडीचं खरं काय ते पाच मिनिटांत कळेल. खाली सतरंजी टाकून आडवे व्हा. शॅकल ज्या पट्टीत अडकवलाय तिच्यावरून बोट मागे-मागे नेत जा. पट्टी जाड असून चॅसीपर्यंत पोचते आणि मोठ्या बोल्टांनी तिथे आवळलेली आहे? ठीक. की बंपरच्या पत्र्यालाच दोन टाके मारून वेल्डिंग केलंय? मग ती शोभा आहे. नंतर शॅकल हातात घ्या. खऱ्या शॅकलवर त्याची सुरक्षित भारक्षमता कोरलेली असते. पाऊण इंची शॅकलला सहसा पावणेपाच टन. अंगावर अक्षरच नसेल, किंवा पिन फिरवताना लाल रंगाचे पापुद्रे निघत असतील, तर तो किचेनच्या लायकीचा.

‘मग मी ओढायला वापरणारच नाही’ असं तुम्ही म्हणाल. पण ओढणारे तुम्ही नसाल! रात्री कुठेतरी गाडी रुतेल आणि एखादा भला ट्रॅक्टरवाला मदतीला येईल. तो खाली वाकून वेल्डिंग तपासत बसणार नाही. समोर लाल हुक दिसतोय, त्यात दोर अडकवेल. म्हणून डमी असतील तर शॅकल काढून टाका. कंपनीने दिलेली ओढण्याची जागा कुठे आहे हे मालकाच्या पुस्तकात असतं. ती मोकळी ठेवा, लोखंडी बंपरने झाकली गेली असेल तर बंपर उतरवा.

बंपर उतरवायला आणखीही कारणं आहेत. धडक कशी पसरेल आणि एअरबॅग कधी उघडेल, हे कंपनीने मूळ पुढच्या भागावर ठरवलेलं असतं. पुढे लोखंड आलं की तो हिशेब बिघडतो. शिवाय अशा लोखंडी बंपरला, म्हणजेच क्रॅश गार्डाला, धडकणाऱ्या पादचाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना या क्रॅश गार्डांवर कारवाई करायला कळवलं होतं. गाडीतल्या बदलांबाबतच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध बदल केल्यास कलम १८२ अ नुसार दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘दर बदलामागे’ हे शब्द पॅकेज घेणाऱ्यांनी दोनदा वाचावेत.

प्रश्न : शारजात राहतो, शुक्रवार-शनिवार वाळूत जातो. माझ्या रिमना कडेने बोल्टची रिंग आहे, विकणाऱ्याने ‘बीडलॉक स्टाइल’ म्हणून दिले. हवा किती उतरवू? (एक वाचक, शारजा)

‘स्टाइल’ हा शब्द ऐकलात तिथेच उत्तर आहे. खऱ्या बीडलॉकमध्ये टायरची बाहेरची कड रिम आणि रिंग यांच्यामध्ये चिमटलेली असते, त्यामुळे रिंग सोडल्याशिवाय टायर निघतच नाही. हवा अगदी कमी केली तरी टायर रिमवरून सुटत नाही. तुमच्याकडचे बोल्ट रिमच्या तोंडावर नुसते पिळलेले आहेत. टायरवाल्याने रिंगला हात न लावता टायर चढवला असेल, तर खात्रीच समजा.

तेव्हा साध्या रिमचा नियम पाळा: वाळूत १५ पीएसआयच्या आसपास. फसलात तर बाहेर पडण्यापुरतं १२ पर्यंत, तेही हँडल सरळ ठेवून. वाळूच्या डोंगराच्या उतरणीवर वेगात आडवी गाडी घातली की कमी हवेचा टायर रिम सोडतो. कॉम्प्रेसर बरोबर ठेवा आणि डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा भरा. रिंगचे बोल्ट मात्र अधूनमधून आवळत जा. वाळूत ते ढिले होतात आणि एखादा पडला की रिमचा बॅलन्स जातो.

प्रश्न : ‘अँग्री’ ग्रिल, मॅट रॅप (रंगावर चिकटवायची बिनचकाकीची फिल्म) आणि छतावर एलईडी बार. पोलीस यातलं काय पकडतील? (एक वाचक, ठाणे)

पकडतील बार. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा असा दिवा घोडबंदर रोडवर लावून फिरणं म्हणजे बाकीच्यांवर सूड. रॅपने गाडीचा मूळ रंगच बदलत असेल तर आरसीवर नोंद करून घ्या. ग्रिलला कोणी हात लावणार नाही, पण स्वतः रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून बघा. त्या रागीट भुवया गोल हेडलाइटचा वरचा भाग झाकतात आणि उजेड तेवढा कापला जातो. डोळे वटारायचे आणि दिसायचं कमी!

ग्रिलवरून आठवलं. गाडीचं तोंड हा किती गंभीर मामला असतो ते महिंद्राला चांगलं ठाऊक आहे. त्यांची रॉक्सर ही गाडी जीपसारखी दिसते म्हणून फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये अमेरिकेत तक्रार केली, २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने निकाल महिंद्राविरुद्ध दिला आणि त्यांना गाडीचा चेहरा बदलावा लागला.

प्रश्न : मागच्या चाकांवर चालणारी थार आहे. ‘फोर बाय फोर’ स्टिकर लावला तर? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

लावा. फक्त विकताना काढा, आणि कोणी ‘लो रेंज टाक’ म्हणालं तर विषय बदला. चिखल-चढात जास्त जोर देणारा तो गिअर तुमच्या गाडीत नाहीच.

प्रश्न : गुहागरहून आलो की गाडीवरचा चिखल आठवडाभर तसाच ठेवतो, ऑफिसात भाव मिळतो. रंगाला काही होतं का? (एक वाचक, पनवेल)

२००५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये खास शहरातल्या चार बाय चारवाल्यांसाठी बाटलीतला चिखल विकायला आला होता, फवारायचा आणि मिरवायचं. तुमचा निदान अस्सल आहे.

दारावरच्या चिखलाने आठवड्यात फारसं बिघडत नाही. कोरड्या फडक्याने पुसू नका एवढंच, नाहीतर लाल मातीतली कच रंगावर चरे पाडते. आधी भरपूर पाणी मारा. खालच्या बाजूला मात्र एक दिवसही ठेवू नका. चॅसीच्या कोपऱ्यांत अडकलेला चिखल ओल धरून ठेवतो, त्यात किनाऱ्याचं मीठ मिसळलं की गंज ठरलेला. रेडिएटरच्या जाळीत बसला तर पुढच्या घाटात गाडी तापते. रिमच्या आत एकाच बाजूला वाळला तर ८० च्या पुढे हँडल थरथरतं आणि लोक अलाइनमेंटवर पैसे घालवतात. घरी पोचलात की खालून आणि चाकांच्या आतून प्रेशरने धुवा, ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवा. दारं आणि बॉनेट सोमवारसाठी राहू द्या. काचा, दिवे आणि नंबर प्लेट तेवढी पुसून निघा.