फाणी, केयी आणि हिगिन्सची ज्योत

चि. मनू,

शनिवारी ‘माय फेअर लेडी’ संपल्यावर ताटं डिशवॉशरमध्ये लावताना तू म्हणालीस, “आई, तू पण हिगिन्सच आहेस. माझा ळ चुकला की हसतेस.” मी ‘झोपा आता’ म्हणून उठले. लागलं होतं जरा. म्हणून लिहितेय. अडलं तर बाबांना विचार.

आधी हिगिन्स, फुलं विकणाऱ्या एलायझाला ‘शुद्ध’ इंग्रजी बोलायला शिकवणारा सिनेमातला तो मास्तर. त्याची बाजू घेणं सोपं आहे. तो ज्योतीचा प्रयोग आठवतोय ना? एलायझाच्या कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ह गळतो, ‘हॅम्पशर’चं ‘अ‍ॅम्पशर’ होतं. ह म्हणजे नुसता श्वास. तो कानापेक्षा डोळ्याला लवकर दाखवता येतो: ह निघाला की ज्योत हलते, गिळला की ढिम्म. हे कुणा सेटवाल्याच्या डोक्यातून आलेलं खूळ नाही. या चित्रपटाला उच्चारशास्त्राचा सल्ला द्यायला पीटर लाडेफोगेड हे खरेखुरे ध्वनितज्ज्ञ होते.

तुझ्यासाठी हाच प्रयोग उलटा करायचा. टिश्यूची पट्टी ओठांपासून चार बोटांवर धर आणि ‘पाणी’ म्हण. उडाली ना? इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवेचा झोत घेऊन येतात, म्हणून तुझं पाणी आज्जीला ‘फाणी’ ऐकू येतं. ‘स्पून’ म्हणून बघ, पट्टी जागची हलत नाही. स नंतरचा इंग्रजी प हा आपलाच प असतो. म्हणून ‘पाणी’च्या आधी तो ‘स्’ मनातल्या मनात म्हणायचा, तोंडाने फक्त पुढचं. एलायझाची ज्योत हलायला हवी होती, तुझी पट्टी हलायला नको.

आता ळ. तुझी जीभ वळत नाही असं मुळीच नाही. अमेरिकन ‘कार’मधल्या र साठी ती छान मागे जाते, पण टेकत नाही, अधांतरी राहते. म्हणून ‘बाळ’चं ‘बार’ होतं. आणि टेकवायला सांगितलं की तू ती थेट दातांमागे आणतेस, मग ‘बाल’. टोक मागे वळवून वरच्या हिरडीच्याही मागे, टाळूला लाव. कडेने आवाज जाऊ दे आणि जीभ पटकन पुढे सोड. एकटा ळ म्हणू नकोस, मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही. आधी स्वर घे: अळी, अळू, केळं. ‘मूळ’ आणि ‘मूल’ सगळ्यात शेवटी.

इथपर्यंत मी हिगिन्स, कबूल. जीभ कुठे लावायची ते सांगणं वाईट नाही. पण त्याच सिनेमातली एक गोष्ट तुला सांगायची राहिली. एलायझा झालेली ऑड्री हेपबर्न गाताना दिसते तेव्हा बहुतेक वेळा आवाज तिचा नाही. मार्नी निक्सन नावाच्या गायिकेचा आहे. पद्धत अशी असते: गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायचं, सेटवर ते मोठ्याने लावायचं आणि नटाने ओठ हलवायचे. पुन्हा बघशील तेव्हा ओठांकडे नको, गळ्याकडे बघ. वरचा सूर लागतो तेव्हा मानेची शीर ताणली जात नाही, ओळीआधी श्वास घेतलेला दिसत नाही. तिथे चोरी पकडता येते. ‘जस्ट यू वेट’ची सुरुवात मात्र ऑड्रीचीच आहे, जरा खरखरीत, मला तीच आवडते. हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन गाणी अर्धी बोलायचा, दर वेळी वेगळी, त्यामुळे आधी मुद्रित केलेल्यावर ओठ जुळणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याच्या टायमध्ये बिनतारी माइक लपवला आणि त्याचा आवाज सेटवर थेट घेतला. मास्तराला स्वतःचा आवाज, शिकणारीला उसना! आपल्याकडेही पार्श्वगायन असतंच, पण लताबाईंचं नाव रेकॉर्डवर असायचं. मार्नी निक्सनचं नाव पडद्यावर आलंच नाही. १९६४च्या या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाली, ऑड्रीला साधं नामांकनही नाही. आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे रंगमंचावर, १९५६ पासून हीच एलायझा स्वतःच्या गळ्याने गाणारी ज्युली अँड्र्यूज त्याच वर्षी ‘मेरी पॉपिन्स’साठी ऑस्कर घेऊन गेली.

हे सगळं मूळचं बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधलं. त्यावरूनच पु. लं.नी ‘ती फुलराणी’ केलं, १९७५ मध्ये. गळणारा ह मराठीत आणून उपयोग नव्हता, एलायझाच्या जागी आलेल्या मंजुळेसाठी आपल्याच मातीतली बोली घ्यावी लागली. भक्ती बर्वे ती बोली आणि नंतरची ‘सुधारलेली’ भाषा, दोन्ही एकाच गळ्यातून रंगमंचावर काढायच्या. तिथे उसना आवाज कोण देणार?

आमच्या नानांना मंजुळेचं ते लांब स्वगत अख्खं पाठ होतं. पाहुणे आले की म्हणून दाखवायचे, टाळ्या घ्यायचे. आणि आम्ही जेवताना ‘आनि’ म्हटलं की हेच नाना ताटावरून मान वर करून नुसते बघायचे. घास तोंडातच राहायचा. ते बघणं माझ्यात आलंय बहुतेक. तुझ्या ळ वर हसते ते मायेने, असं मी स्वतःला सांगते. पण परवा दुकानातल्या त्या काकू ‘पानी’ म्हणाल्या तेव्हाही माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, आणि तू ते बघितलंस. त्याला माया म्हणता येणार नाही.

आणखी एक, हे बाबांना विचारून खात्री करून घे. त्यांची अकोल्याची आजी केळीला ‘केयी’ म्हणायची, डोळ्याला ‘डोया’. वऱ्हाडात ळ चा य होतो. म्हणजे ज्या ळ साठी मी तुझ्या मागे लागलेय, तो तुझ्या पणजीच्या तोंडी नव्हताच. तिला कुणी टिश्यूची पट्टी धरायला लावली नाही.

तरी अळी, अळू, केळं एकदा म्हणून बघ. जमलं तर रविवारी आज्जीला फोनवर ऐकव. नाही जमलं तर ‘केयी’ म्हण, बाबा खूश होतील.

तुझी,
आई